इफ्तारच्या वेळेची चौकट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बहारीनमधल्या एका इंग्रजी दैनिकात मी पानं लावायचो. शेजारच्या टेबलावर रत्नागिरीचे एक भाई होते, वयानं मोठे. दुसऱ्या पानावरची नमाजाच्या वेळांची चौकट त्यांच्याकडे. शिफ्टला आलो की विचारायचे, "काय पुणेकर, एक ते चार झोप झाली का?"

त्या वर्षी छापील पानं निम्मी झाली. आमच्यातला एकच वेबसाइटवर घेणार, अशी कुजबुज सुरू झाली. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि माझ्या मुलीची बारावी अर्ध्यावर. मी भाईंवर नजर ठेवायला लागलो. एका आठवड्यात ते तीनदा संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"काय म्हणतात साहेब?"

"काही नाही हो. खलास."

मी जवळ गेलो की ते फोन उलटा ठेवत. हा माणूस माझ्या जागेवर टपलाय, हे मनात पक्कं बसलं. केबिनमध्ये ते काय बोलायचे, मला आजही माहीत नाही.

रमजान होता. गेल्या आठवड्याचं त्याच वाराचं पान उघडायचं आणि त्यात उद्याच्या वेळा भरायच्या, ही आमची रीत. त्या संध्याकाळी भाईंच्या हातून इफ्तारची वेळ बदलायची राहिली. आठवड्यापूर्वीची, तीन मिनिटं आधीची तशीच राहिली. छपाईला जाण्याआधी पान शेवटी माझ्याकडे यायचं. मला चूक दिसली. भाई पलीकडे खजूर खात बसले होते, दिवसभराचे उपाशी. एक हाक पुरली असती.

मी पान सोडलं. त्याच वेळा वेबसाइटवर मी चढवायचो; तिथे मात्र बरोबर वेळ टाकली. सवयीनं टाकली, असं स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. खरं म्हणजे तिथे बोट माझ्याकडे आलं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी फोन थांबेनात. तुमचा पेपर बघून आम्ही रोजा तीन मिनिटं आधीच सोडला, तो वाया गेला, म्हणून लोक चिडलेले. संपादक सगळ्यांसमोर भाईंना म्हणाले, "तुम्ही स्वतः रोजा ठेवता ना?"

महिनाअखेरीस नोकरी संपल्याचं पत्र त्यांना मिळालं. खण रिकामा करताना ते हळूच म्हणाले, "पुणेकर, ऑनलाइनला वेळ बरोबर होती."

"हो का?" मी म्हणालो.

त्यांनी पिशवी उचलली. तेव्हाही मनात एवढंच आलं, यांनी हे आणखी कुणाला सांगितलं असेल?

दुसऱ्या दिवसापासून ती चौकट माझ्याकडे आली.