मीठचंद्राचा नववा खंड

अक्षयानं ते इतक्या सहज सांगितलं की आधी मला कळलंच नाही. अप्पांच्या पायांचे व्यायाम करून घ्यायला ती रोज घरी यायची. तमिळ मुलगी, चुणचुणीत, आणि पुस्तकवेडी. त्या दिवशी अप्पांच्या उशाशी रचलेले ‘मीठचंद्र’चे आठ खंड बघून ती म्हणाली, नववा कुठे ठेवलात? सगळ्यात चांगला तोच आहे. मी हातातली कांजीची वाटी तशीच धरून उभी राहिले.

आमच्या लेखी नववा खंडच नव्हता. आठव्यात राणीला राज्याभिषेक होतो, नगारे वाजतात, गोष्ट संपते. वेणुमामांनी तसं सांगितलं होतं, आणि ड्रॅगन, अंतराळयानं, सात-सात पिढ्यांची युद्धं असल्या जाडजूड मालिका वाचणारे आम्ही कुंभकोणमचे जे मूठभर लोक होतो, ते मामांच्या शब्दाबाहेर नव्हतो.

मामा, म्हणजे वेणुगोपाळराव, सुंदरपेरुमाळ कोयिलच्या छोट्या स्टेशनात नोकरीला होते. गाड्या थांबायच्या थोड्या, मधला वेळ सगळा यांचाच. स्वामीमलैला आलेला कुणी परदेशी प्रवासी बाकावर पुस्तकाचा एक ठोकळा विसरून गेला. मामांनी तो परत करायला म्हणून सांभाळला आणि मग वाचायला घेतला. तिथून जे लागलं ते सुटलं नाही. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कपाटं लावली आणि रविवारी दुपारी लोक यायला लागले. पुस्तक सुचवायची त्यांची रीत अजब होती. तुम्हाला काय आवडतं हे ते कधी विचारत नसत. घरात माणसं किती, एवढंच विचारत. गोतावळ्यात राहणाऱ्याला ते निर्मनुष्य ग्रहावर अडकलेल्या एका यंत्रमानवाची मालिका देत. एकट्या माणसाला मात्र हजार पात्रांचं राज्य. आई गेल्यावर मी कॉलेजात शिकवायला जायची आणि अप्पा दिवसभर एकटे असायचे. त्यांना मामांनी ‘मीठचंद्र’ दिलं. नंतर अप्पांचे डोळे अधू झाले, तेव्हा मामा स्वतः येऊन वाचायला लागले. पुढ्यात इंग्रजी पुस्तक, तोंडून आमची घरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली मराठी.

नियम एकच होता. फोनमध्ये डोकवायचं नाही, गोष्ट फुटते. पुस्तकातली मालिकेची यादी असलेली पानंसुद्धा मामा खळ लावून चिकटवून टाकायचे. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! वाचकाची काळजी घ्यावी तर मामांनी, असं मी लोकांना सांगत फिरायची.

अक्षया गेली तशी मी स्कूटर काढली आणि मामांचं घर गाठलं. राग तर होताच, पण घाईही होती. कारण आठवा खंड संपल्यापासून अप्पा रोज एकच विचारत होते. पहिल्या खंडात इरावा नावाची खलाशीण आपल्या लहानग्या पोरीला धक्क्यावर उभं करते, भरतीबरोबर परत येते म्हणून सांगते, आणि युद्धात ओढली जाते. पुढे ती राणी होते. त्या पोरीचं काय? आठ खंडांत तिचं नाव पुन्हा येत नाही. लिहिणारा तिला विसरला की आईच विसरली, याचा अप्पांना घोर लागला होता. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता घरीच ठेवा, काय हवं नको ते बघा. अप्पांना हवं होतं ते एवढंच.

मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. नववा खंड आहे, म्हणाले, इन्नंबूरला आहे. मला खरंच वाटेना. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि इन्नंबूरला नेलं. भाताच्या शेतात त्यांची मोटरशेड आहे, पाण्याच्या पंपाची. कुलूप काढून त्यांनी दिवा लावला. पंपाच्या वर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांवर खताच्या धुतलेल्या पोत्यांत बांधून ठेवलेली पुस्तकं होती. मी पोती सोडत गेले. प्रत्येक मालिकेचे शेवटचे खंड. मी ज्या मालिका पुऱ्या वाचल्या म्हणून मिरवत होते, त्यांचेसुद्धा. मी पंपाच्या ओट्यावर बसले.

“पट्टाभिषेक झाला की पोथी मिटाच,” मामा म्हणाले. “पुढचं घरांत वाचाच नाही. तुझी आई तसंच करत होती की.”

खरं होतं. आमच्याकडे रामायणाचं पारायण पट्टाभिषेकाला, रामाच्या राज्याभिषेकाला थांबतं आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिला सर्ग लावतात. रामानं सीतेला रानात धाडलं ते आमच्या घरात कुणी वाचलेलं नाही. पण ते रामायण! हा माणूस तोच नेम ड्रॅगनांना आणि रोबोंना लावून बसला होता. मी नाही नाही ते बोलले. तुम्ही स्वतः मात्र चोरून अस्क, सगळं सगळं वाचलं असणार, असंही बोलले.

“मजही ठाऊक नाही, रंजनी,” ते म्हणाले. “एकही वाचलों नाही.”

वर्षानुवर्षं लोकांना मालिका सुचवणाऱ्या माणसाला एकीचाही शेवट माहीत नव्हता. सगळ्या राण्या त्यांच्या मनात अजून सिंहासनावर सुखात होत्या.

ते घाबरले होते, ते मला तेव्हा दिसलं. आजारी माणसाच्या घरात पुढचं वाचलं आणि रघुनाथाला, म्हणजे अप्पांना, काही झालं तर, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाही वाचलं तरी होणारच आहे, मग विचारत विचारत का जावं त्यांनी? मग मामा नववा खंड घेऊन बांधावर बसले आणि मला जायला सांगितलं. निघताना, एवढं सगळं तोंड टाकल्यावर मीच त्यांना म्हटलं, मामा, वाईट असेल तर बदला. अप्पांना कुठे कळणार आहे. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा डोळे सुजलेले होते. अप्पांच्या पलंगाशी बसले आणि वाचायला लागले. मी दारात उभी होते, मनाशी धरून की आता माय-लेकींची भेट होईल, मिठी पडेल.

तसं झालं नाही. पोर पहिल्याच हिवाळ्यात गेली होती. त्याच धक्क्यावर, वाट बघताना. राणी मुकुट घालून जहाजातून उतरते आणि कोळणी तिला एक छोटी जागा दाखवतात. मामांनी एक शब्द गाळला नाही. पुढे होऊन पुस्तक हिसकावावं असं वाटलं, पण पाय उचलेना. राणी मुकुट काढून धक्क्यावर बसते.

अप्पांनी डोळे उघडले.

“म्हणजे आली ना ती परत?” त्यांनी विचारलं.

“आली रे.”

“विसरली नव्हती.”

“नाही.”

“मग बरं झालं,” अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मी सुन्न झाले. मला वाटत होतं त्यांना पोर सुखरूप हवी आहे. त्यांना आई खोटी ठरायला नको होती, एवढंच. जन्मभर ज्यांच्या घरात राहिले त्या माणसाला मी ओळखतच नव्हते.

मामांनी खंड मिटला. उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी उशाशी हात घालून पहिला खंड ओढला, पहिलं पान उघडलं आणि त्याच बैठकीत सुरू केलं. संपलेलं संपलेलं म्हणून ठेवायचं नाही, हा नेमाचा उरलेला अर्धा भाग. धक्का, खारं वारं, आणि एक पोर आईचा हात धरून उभी.

“हळू वाच, वेणू,” अप्पा म्हणाले. “घाई करू नोको.”

मामांनी घाई केली नाही. रोज येत आणि पान-दीड पान वाचत. अप्पा गेले त्या सकाळीही ते वाचतच होते. जहाजाचं शीड अजून उघडलं नव्हतं आणि पोरीचा हात आईच्या हातात होता.