पट्टा गेलेली चॅम्पियन

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या बोटीची वाट बघत होतो. शेजारी बसलेली मासेवाली मोबाइलवर बायकांची कुस्ती बघत होती, टीव्हीवरची, चमकत्या पट्ट्याची. तिची आवडती चॅम्पियन आदल्याच दिवशी पट्टा हरली होती.

“मावशी, हे सगळं आधीच ठरलेलं असतं ना?” मी शहाणपणानं विचारलं.

“ठरलेलं आसतं. पन पडनं खरंच आसतं,” नजर न उचलता ती म्हणाली. “कुस्तीआधी माइकवर डायलॉग बोलाया कच्ची हाय ही. पन वर्षभर पट्टा राखला, आन् तिच्या हातून एकीचंबी हाडूक मोडलं न्हाय. हे बघ.”

तिनं व्हिडिओ मागं नेला. समोरचीला आपटताना चॅम्पियननं तिच्या मानेखाली अलगद हात सरकवला होता. दाखवलं नसतं तर मला दिसलाही नसता.

बोट लागली. मघाशी बसायच्या जागेवरून जिच्याशी ही कडाकडा भांडली होती, ती दुसरी मासेवाली आपल्या भरलेल्या पाटीपाशी उभी होती. एवढी जड पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. हिनं मोबाइल कमरेला खोचला, तिची पाटी तिच्या डोक्यावर चढवली आणि तिचा तोल सावरेपर्यंत धरून ठेवली.

मग आपल्या पाटीकडं बोट दाखवून मला म्हणाली, “आता तू हात लाव. पन मान सांभाळ माझी.”