मोनिकाबायचा चुना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला माझा मधुमेहही फार दिवस लपवता आला नव्हता.

जुन्या इमारतींचा माणूस म्हणून लोक मला ओळखतात. भिंतीवर हात फिरवून तिचं वय सांगणारा, चुन्यात सिमेंट मिसळणाऱ्या कंत्राटदारावर खेकसणारा. खेकसायला मला आवडायचं. एवढं कशासाठी खेकसत होतो — हे विचारायला मात्र मी स्वतःला कधी सवड दिली नाही.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पाचूबंदरला, कोळीवाड्याच्या टोकाला, पोर्तुगीज काळातलं एक छोटं प्रार्थनाघर होतं. त्याची दुरुस्ती हे माझं पहिलं स्वतंत्र काम. दरवर्षी सणाआधी त्याला चुना लावायचा मान शेजारच्या मोनिकाबायच्या घराचा — तिच्या आधी तिच्या सासूचा, त्याआधी सासूच्या सासूचा. शिंपले भाजून केलेला चुना, काथ्याचा कुंचा. वेदीमागच्या भिंतीवर इतके थर चढले होते की कोपरे गोल झाले होते.

मला ते थर बघवेनात. मला दगड हवा होता. नियम पाठ होता — आधी तळहाताएवढी जागा हलक्या हाताने उघडायची, खाली काय आहे ते पाहायचं, मगच पुढे जायचं. पण मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. मजूर छपरावर होते, आत मी एकटा. मी सरळ तारेचा ब्रश घेतला.

ब्रशला लाल लागलं. गेरू असेल, म्हटलं. मग निळं लागलं. निळा गेरू कधी असतो का? मला तेव्हाच कळलं होतं — आणि तरी मी घासत राहिलो, कारण अर्धी भिंत होऊन गेली होती. थांबलो तेव्हा कोपऱ्यात एका देवदूताचा अर्धा चेहरा उरला होता. एक डोळा, कपाळ, पंखाची थोडी पिसं. त्या बायकांच्या चुन्याखाली अख्खं चित्र पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप होतं. रंगीत भुकटी मी गोळा केली आणि समुद्रात टाकली.

साहेब आले. त्या डोळ्यासमोर येऊन थांबले. मग विचारलं, "कुणी खरवडलं हे?" दारात गाव जमलं होतं, मोनिकाबाय सगळ्यांत पुढे. आणि मी म्हणालो — "या लोकांनीच, साहेब. मी फक्त वरचा नवा चुना काढला, तर खाली हे असं." किती सहज आलं ते तोंडातून!

दाराला कुलूप लागलं. चुना बंद, मान बंद. पुढे त्या डोळ्याचा फोटो दाखवत मी गावोगाव व्याख्यानं दिली — अज्ञानापायी आपला वारसा कसा नष्ट होतो. लोक हळहळायचे. मीही हळहळायचो, आणि अगदी मनापासून. याची मला आज किळस येते.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. कुलूप लागल्यावर काही दिवसांनी मोनिकाबाय माझ्याकडे आली.

"सायेब, माझा पोरगा पावलू दर्यात बुडाला ना, त्या वर्साला मी ती भिंत कोयत्यानी लय घासलेली. देवाचा राग व्हता मना. तवाच गेला असंल का वो तो देवदूत?"

तिचा कोयता वरच्या चुन्यापलीकडे पोचलाच नव्हता. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं मी. काय गेलं असतं माझं? नोकरी गेली असती, नाव गेलं असतं — गेलं असतं तर गेलं असतं.

मी म्हणालो, "असेल. जाऊ दे, मोनिकाबाय. दुःखाच्या भरात झालं. देव माफ करील."

तिने मला हात जोडले.

पुढे गावच्या सणाला मला पाहुणा म्हणून बोलवायचे. मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी ती मोठ्या चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी, खाली जमिनीवर बसायची. मरेपर्यंत तिथेच बसली. मला पहिल्या बाकावर जागा असायची, आणि मी तिथे जाऊन बसायचो.