बारा इंचांचे तुकडे

डिंडोलीच्या घरी मी मायची पेटी उघडली आणि कोऱ्या कापडाचा वास आला. तळाशी लाल-पिवळे तुकडे होते.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाच्या गोधडीसाठी मायने मार्केटातून कापडाच्या दोन पट्ट्या आणल्या, लाल साठ इंच आणि पिवळी अठ्ठेचाळीस. ताईने फरशीवर खडूने दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पाडले आणि दोन्हींकडे सारखे होते त्यांना गोल केले. दोन, दोन, तीन. मसावि आला बारा.

"माय, बारा-बारा इंच काप. चिंधीसुद्धा उरणार नाही," पोटावर हात ठेवून ती हसली.

दवाखान्यातून ताई रिकाम्या हातांनी घरी आली. शिवून ठेवलेली गोधडी तिने एकेक टाका काढत उसवली.

तुकडे अजून सारखेच आहेत. कडांना सुईची भोकं तेवढी राहिली आहेत.