कासवाच्या चार चाली

त्या वर्षी मला कशातच दम धरवत नव्हता. पुण्यातल्या कंपनीनं आमचं कामच बंद केलं आणि सव्विसाव्या वर्षी मी आष्ट्याला, आईवडलांच्या घरी परत आले. वडील दिवसभर उसाच्या रानात. भाऊ फौजेत, राजस्थानातल्या कुठल्याशा छावणीत. घरात आई, वहिनी आणि मी. सकाळी उठून अर्ज पाठवायचे, दुपारपर्यंत दहा वेळा मेल उघडून बघायचं, आईनं काढलेल्या स्थळाला नाही म्हणायचं आणि उरलेल्या वेळात फोनवर तो गेम खेळायचा.

गेम राक्षसांच्या लढाईचा. राक्षस म्हणजे दात विचकणारे नव्हेत. कुणी शेपटीला आग असलेला कोल्हा, कुणी दगडी पाठीचं कासव, कुणी पंख फुटलेला मासा. अशा सहा जणांची टीम करायची आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या सहांशी लढवायची. दोघांनीही आपापली चाल गुपचूप निवडायची, मग दोन्ही एकदम उघड होतात. खरी मेख अशी, की प्रत्येक प्राण्याला शिकता येतील अशा चाली चाळीस-पन्नास असतात आणि लढाईत नेता येतात फक्त चार. जोराचा वार घ्यावा तर तो कधी कधी चुकतो. न चुकणारा घ्यावा तर हलका बसतो. चारही वारच घेतले तर समोरचा नुसता बचाव करून तुम्हाला दमवतो. त्या चार कोणत्या, यावर निम्मी लढाई आधीच ठरलेली असते.

माझं नेमकं तिथंच बिनसायचं. सकाळी बनवलेली टीम दुपारी मोडायची. एक लढाई हरले की कोल्ह्याच्या दोन चाली बदलायच्या, जिंकले तरी आणखी चांगलं काही जमेल म्हणून तिसरी बदलायची. कुणाचा तरी व्हिडिओ बघायचा आणि सगळी टीम पुसून त्याची उचलायची. जिन्यावर बसून खेळताना माझा पाय सारखा हलत असायचा. आई जाता-येता गुडघ्यावर चापट मारायची.

वहिनी म्हसवडकडची. लग्नाला चार वर्षं झालेली. माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी, तरी मला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी किती सांगितलं तरी तिनं ते सोडलं नाही. दुपारी आई आडवी झाली की ती सूप घेऊन माझ्या शेजारच्या पायरीवर शेंगा फोडत बसायची. महिनाभर तिनं नुसतं बघितलं. मग एक दिवस म्हणाली, "वन्सं, ते कासव मगाशी बरं लढत हुतं की. त्याला का काढलं?"

"हळू आहे ते. ते हलेपर्यंत समोरचा मारून जातो."

"मारू द्या की. मरतंय कुठं?"

मी हसले. तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, घे, तूच कर त्याचं काय ते. एका टीमची जागा तिच्यासाठी मोकळी करून दिली. कासवाला शिकता येणाऱ्या सगळ्या चाली तिनं वाचून काढल्या. इंग्रजी अडलं की मला विचारायची. त्यात तीन दुपारी गेल्या. मी असते तर तीन मिनिटांत उरकलं असतं.

तिनं निवडलेल्या चालींना तिनंच नावं ठेवली. पहिली विष: समोरच्याला एकदा लागलं की दर पाळीला त्याची ताकद झिजत जाते. दुसरी आडोसा: त्या पाळीला आपल्याला काहीच लागत नाही. तिसरी दम: थांबून निम्मी ताकद भरून घ्यायची. आणि चौथी, काही दिवसांनी बदलून घातलेली, ढुशी, अगदी साधा धक्का, नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी मिळतो तसला. लढाई सुरू झाली की कासव विष टाकायचं, आडोसा घ्यायचं, दम खायचं, पुन्हा आडोसा घ्यायचं. समोरचा चिडून वार करत राहायचा आणि विषानं आपोआप संपायचा. बाकीच्या पाच जणांचं काम एवढंच, कासवाला जे जमत नाही ते सांभाळायचं.

ती जिंकायला लागली. माझ्याच फोनवर, माझ्याच नावानं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मला ते खेळणं बघवत नसे. एकेक लढाई अर्धा अर्धा तास चालायची. मी मागं उभी राहून म्हणायचे, मार ना आता, कोल्हा काढ, संपव. ती म्हणायची, "गप बसा वन्सं, हातातलं काम व्हतंय." खरंच, आडोसा दाबून ती दोन शेंगा फोडायची आणि मग पुढची चाल बघायची.

सांगलीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये या गेमची स्पर्धा आहे असं मला कळलं, तेव्हा नाव नोंदवायला चारच दिवस होते. मी लगेच नोंदवलं. माझी टीम चालणार नाही हे मला ठाऊक होतं. वहिनीची चालेल हेही ठाऊक होतं. ती फोनमध्ये होतीच.

तिला सांगितलं असतं तर ती कदाचित आली असती, आणि आली असती तर खेळायला तिनंच बसायला हवं होतं. इतका विचार मी तेव्हा स्पष्ट केला होता असं नाही. पण घरी मी सांगितलं, की सांगलीला इंटरव्ह्यू आहे. आईनं इस्त्रीचा ड्रेस काढून दिला. वहिनीनं डबा दिला.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. डबा उघडला नाही, गाणी ऐकवेनात. तुंग गेलं, डिग्रज आलं आणि मी पुन्हा ती टीम उघडली. ती ढुशी माझ्या डोळ्यांत खुपत होती. गेल्या कित्येक दुपारी मी बघत होते, वहिनीनं ती वापरलेलीच नव्हती. चारच जागा, त्यातली एक अशी वाया. एका नामवंत खेळाडूच्या व्हिडिओत मी काटे नावाची चाल बघितली होती. जमिनीवर काटे पसरायचे, मग समोरचा जो नवा प्राणी आत येईल त्याला येताच टोचतात. विषाला त्याची चांगली जोड मिळाली असती. मी ढुशी काढली, काटे घातले. पुन्हा काटे काढले, ढुशी घातली. कृष्णेच्या पुलावर बस हळू झाली तेव्हा शेवटी काटेच ठेवले आणि फोन पर्समध्ये टाकला.

हॉलमध्ये पन्नासेक जण असतील. मुली आम्ही तिघीच. टेबलावरच्या पोरानं सांगितलं, की आता द्याल ती टीम दिवसभर राहील, नंतर एकही चाल बदलता येणार नाही. मी टीम दिली.

पहिल्या दोन लढाया मी जिंकले. काट्यांनी खरंच काम केलं. माझ्या मागं चार जण येऊन उभे राहिले आणि त्यातला एक कासवाकडं बोट करून दुसऱ्याला काहीतरी समजावू लागला. मला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत मला कशाचंही तसं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या लढाईत समोर एक चाळिशीचे गृहस्थ होते. मिरजेत त्यांचं औषधांचं दुकान होतं. शर्टाच्या खिशाला पेन, चष्मा कपाळावर सरकवलेला. सुरुवातीला माझा कोल्हा पडला, मग त्यांचे दोघे पडले. मी कासव काढलं. त्यांनी एक बारकी चिमणी काढली आणि डिवचण्याची चाल खेळली.

ज्याला डिवचलं त्याला पुढच्या तीन पाळ्या नुसता वारच करता येतो. विष नाही, आडोसा नाही, दम नाही, काटेही नाहीत. मी चालींची यादी उघडली. चारही चाली राखाडी पडल्या होत्या. वार करायला कासवाजवळ काहीच नव्हतं. असं झालं की गेम त्या प्राण्याला नुसते हातपाय आपटायला लावतो आणि दर आपटण्याला त्याचीच ताकद जाते. तीन पाळ्या कासव हातपाय आपटत राहिलं. तीन संपल्या की त्यांनी पुन्हा डिवचलं. मी त्याला माघारी घेऊन दुसरा प्राणी काढायला हवा होता, पण माझं डोकंच चालेना. मागं उभे असलेले चौघे केव्हा पांगले ते मला कळलं नाही.

लढाई संपल्यावर त्यांनी हात पुढं केला. "कासव भारी आहे तुमचं, ताई. एक तरी वार ठेवायला पाहिजे होता त्याला. अगदी साधा असता तरी माझी चिमणी टिकली नसती."

"होता," मी म्हटलं. "सकाळपर्यंत होता."

परतीच्या एसटीत मी आष्टा येईपर्यंत उभीच राहिले. जागा होती, पण बसवेना. काय सांगायचं ते ठरवत होते. इंटरव्ह्यू बरा झाला, कळवतो म्हणाले. एवढं पुरलं असतं.

वहिनी परसात दोरीवरचे कपडे काढत होती. मला बघून म्हणाली, "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, एका दमात. स्पर्धा, तिची टीम, चिमणी, डिवचणं. ती घड्या घालत ऐकत होती.

"कुटली चाल काढली तुमी?"

"ढुशी."

तिनं हातातली चादर दोनदा झटकली. "तुमी इंटरव्ह्यूला कोल्हापूरला गेला हुता न्हवं, तवा तुमचा फोन घरीच ऱ्हायला हुता. त्या दिवशी एकानं मला तसंच डिवचलं. तीनदा हरले. मग ढुशी घातली. सगळं सोसायचंच घ्यून बसलं की कुणीबी येऊन डिवचतंय."

"मला माहीत नव्हतं."

"इचारलं कुटं तुमी." तिनं चादरीची घडी घातली. "हरलात त्याचं काय न्हाई वन्सं. तुमी इंटरव्ह्यू हाय म्हणालात. मी सकाळपास्नं देवापुढं साखर ठिवली हाय."

ती कपडे घेऊन आत गेली. मी परसातच उभी राहिले.

त्यानंतर तीन आठवडे ती पायरीवर आली नाही. भांडली नाही, जेवायला वाढायची, हाक मारली की ओ द्यायची. पण शेंगा स्वयंपाकघरातच फोडायची. मी जिन्यावर बसून टीम उघडायचे आणि मिटायचे. कासवाला हात लावायची हिंमत होत नव्हती. आईच्या लक्षात आलं असावं, कारण एकदा ती म्हणाली, "तुमचं दोघींचं काय बिनसलंय ते मिटवा. घर लय गप झालंय."

शेवटी मी वहिनीचा फोन मागून घेतला. जुना होता, जागा भरलेली. तिला विचारून लग्नातले तेचतेच फोटो पुसले, तेव्हा कुठं गेम उतरला. तिच्या नावाचं खातं उघडलं. या गेममध्ये एकाचा प्राणी दुसऱ्याला देता येतो. मी कासव दिलं, आणि तिच्या टीममधले बाकीचे पाचही दिले. चाली मात्र तिनं स्वतः घातल्या. मी समोर बसले होते, पण तिनं फोन असा धरला होता की मला दिसू नये.

मला पुढं साताऱ्यात नोकरी लागली. पगार पुण्यापेक्षा कमी, काम बरं. पावसाळा सरल्यावर तिथंही एक स्पर्धा निघाली. मी वहिनीला कळवलं, आणि या वेळी नाव तिचं घातलं. घरी तिनं आईला काय सांगितलं ते आईनंच मला नंतर फोनवर सांगितलं.

"म्हणाली, आई मी सातारला जाणार हाय, जनावरं लढवायची शर्यत हाय. मी म्हटलं, खरी जनावरं का? म्हणाली, न्हाई, फोनातली. म्हटलं, मग जा की, तेला काय हुतंय."

साताऱ्याच्या हॉलमध्ये मी तिच्या खुर्चीच्या मागं उभी राहिले. पहिली लढाई तिनं नेहमीसारखी दमानं घेतली आणि जिंकली. दुसरीत समोर कराडची एक कॉलेजातली मुलगी होती, भराभर खेळणारी. तिचा बर्फाचा लांडगा निघाला आणि मला राहवेना. मी वाकून म्हटलं, मासा काढ, आत्ता काढ. वहिनीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"वन्सं, तुमी जरा भाईर जाऊन चा पिऊन या."

मी बाहेर गेले. चहा मागवला आणि न पिताच रस्त्याच्या कडेनं फेऱ्या मारल्या. दर मिनिटाला घड्याळ बघत होते. वीस मिनिटांनी आत आले तर लढाई संपली होती. वहिनी हरली होती. फलकावर तिच्या नावावर रेघ ओढलेली दिसत होती.

ती मात्र खुर्चीवरून उठलेली नव्हती. त्या मुलीची खुर्ची तिनं स्वतःजवळ ओढून घेतली होती, आणि ती मुलगी आपल्या लांडग्याच्या चार चाली तिला एकेक करून सांगत होती, कुठली का घेतली, कुठली आधी होती आणि का काढली. वहिनी मान हलवत ऐकत होती, मधेच थांबवून पुन्हा विचारत होती. तिनं डोकं वर केलं, तेव्हा तिच्या हातात नावनोंदणीची पावती कोरी बाजू वर करून धरलेली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "पेन हाय का तुमच्याजवळ?"

माझ्याजवळ नव्हतं. मी टेबलाकडं मागायला गेले.