आज गोळी कोणाची?

अकोल्यात आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी एक दिवस न मागता कोथिंबिरीची जुडी द्यायची, दुसऱ्या दिवशी वांग्याला हात लावला तरी खेकसायची. शेवटी कारण विचारलंच.

"सरकारी दवाखान्यात औषधाचा पैसा कमी केला म्हणते. आमा दोघायले बीपीच्या अर्ध्याच गोळ्या देऊन राहिले. एक दिवस बुढा खाते, एक दिवस मी."

तेव्हापासून "आज गोळी कोणाची?" हे विचारूनच मी पिशवी उघडायचो.

या आठवड्यात मात्र ती रोजच गोड.

"मावशी, गोळ्या पूर्ण मिळाल्या वाटतं?"

"कायच्या पुऱ्या, भाऊ! बुढा म्हणे, तुह्या रागानं गिऱ्हाईक पळते. तूच खात जाय रोज. मी तं घरीच ओरडतो."

मी फुकटची जुडी परत टोपलीत ठेवली, तर गोळी खाऊनही ती खेकसली.