पहिल्या पाचात

आमच्या खात्याच्या महिला बास्केटबॉल संघात मी लागले ती खेळाच्या कोट्यातून. पगार खेळण्याचाच. पण मैदानात पहिल्या पाच जणी कोण उतरणार, हे ठरायचं सेवाज्येष्ठतेनं. जी आधी रुजू झाली, ती आधी उतरणार. आमच्या सेंटर मॅडमच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. उडी मारायच्या ती फक्त मनातल्या मनात. तरी सुरुवात त्यांचीच. मी सगळ्यांत नवी, म्हणून बाकाच्या टोकाला, पाण्याच्या कॅनशेजारी. गाढवाला गुळाची चव काय, हे कोचसरांकडे बघून मला रोज आठवायचं.

टी. टी. नगरच्या मैदानावर सामना ठरला तेव्हा बाबा म्हणाले, "या वेळी मी येतोच." बाबांनी जन्मभर सरकारी नोकरी केली, पण मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला पहिल्या शिटीपासून मैदानात बघावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी जीव नुसता तुटत होता.

सरावानंतर चहा पिताना मी सेंटर मॅडमना सहज विचारलं, "मॅडम, चीफ गेस्ट कभी सबसे पहले आता है क्या?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "सही बात है. पहले तो दरी-सतरंजी बिछानेवाले आते हैं."

दुसऱ्याच दिवशी पाचही सीनियर मॅडमनी सरांना ठणकावलं, आम्ही आधी उतरणार नाही. सरांनाही एकदम पटलं. सामन्याच्या दिवशी त्यांनी बाकावर पांढरी चादर घातली आणि मधली जागा सेंटर मॅडमना दिली. आम्ही पाच नव्या मुली मैदानात उतरलो. सर मधूनमधून वाकून विचारत, "मॅडम, आप चलेंगी?" मॅडम हात हलवत. "अभी माहौल बनने दीजिए."

माहौल शेवटपर्यंत बनतच राहिला. आम्ही जिंकलो. इतकी खूश मी नोकरी लागली तेव्हाही नव्हते.

बाबा बाकामागेच बसले होते. मॅडमांबरोबर त्यांनाही चहा-बिस्किटं मिळाली होती. मी घामाघूम, धावतच त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, चादरीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "छान धावतेस गं. पण तुला बाकावर कधी बसवणार? मी बोलू का सरांशी?"